माणसामागचा डोंगर

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक आमच्या बहुतेक वाचकांच्या स्मरणांत असेल. जनकराजा मिथिलेस परतला आहे, पित्याच्या वियोगानें सीता खिन्न झाली आहे, आणि तिचें मन कोठें तरी रमावें म्हणून चित्रकारानें रेखाटलेलें रामचरित्र लक्ष्मण तिला व रामचंद्रास दाखवीत आहे. प्रसंग सारे परिचयाचे. पण चित्रें जसजशीं पुढें सरकतात, तसतशीं त्यांतील माणसांपेक्षां स्थळेंच अधिक बोलूं लागतात. शृंगवेरपुरचा इंगुदीवृक्ष, भागीरथीचा प्रवाह, यमुनाकांठचा श्याम नांवाचा वड, जनस्थानांतील मेघांनीं सांवळलेला प्रस्रवण पर्वत, गोदावरी, पंपा सरोवर ! तें सर्व पाहून सीतेला पुनः एकवार वनांत जाण्याची इच्छा होते. रथ सिद्ध करण्याची आज्ञा सुटते. आणि लोकापवादाची वार्ता येतांच तोच रथ त्या साध्वीला कायमचा वनांत घेऊन जातो. चित्रांतल्या अरण्यानें जित्या माणसाला हांक मारावी आणि त्या हांकेचा असा शेवट व्हावा, याहून दारुण योजना आम्हांस दुसरी ठाऊक नाहीं.

‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकांतहि चित्र आहे. दुष्यंतानें पश्चात्तापानें पोळून शकुंतलेचें चित्र काढिलें आहे. पण त्याचें समाधान नाहीं. अजून मालिनी नदी काढावयाची राहिली, तिच्या वाळवंटांत हंसांचीं जोडपीं हवींत, हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांवर बसलेलीं हरणें हवींत, फांद्यांवर वल्कलें वाळत घातलेलें एक झाड हवें, असें तो सांगत सुटतो. जवळ बसलेला विदूषक मनांत म्हणतो कीं, आतां हा लांब दाढीच्या तापसांची गर्दी करून सारा फलक भरून टाकणार ! विनोद सोडला तरी राजाच्या बोलण्यांत एक मर्म आहे. शकुंतलेची मूर्ति हुबेहूब उतरली, तरी तिच्या भोंवतालचें तें रान उतरल्याशिवाय ती शकुंतला होत नाहीं. तथापि हेंहि तितकेंच खरें कीं, तें रान शकुंतलेकरितां आहे आणि गोदावरी सीतेकरितां आहे. डोंगर आहे तो माणसाच्या मागें आहे.

‘विष्णुधर्मोत्तरां’तील चित्रसूत्र चित्रकाराला डोंगर कसा दाखवावा हें शिकवितें : खडक, शिखरें, वृक्ष, निर्झर आणि सर्प यांनीं युक्त. नदी मात्र हातीं पूर्णकुंभ घेतलेली, वाहनारूढ देवता म्हणून काढावी असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे नदीचेंहि अखेर माणूसच झालें ! अजिंठ्याच्या भिंतींवर झाडेंवेली आहेत, खडक आहेत. कांगडा आणि गुलेर येथील चित्रकारांनीं हिरव्या टेकड्या व पावसाळी मेघ यांचें जें वैभव उधळलें आहे त्याला तोड नाहीं. पण त्या टेकडीच्या पायथ्याशीं राधाकृष्ण नाहींत किंवा वाट पाहणारी नायिका नाहीं असें क्वचितच. निव्वळ डोंगर हाच चित्राचा नायक, ही कल्पना आमच्याकडे रुजली नाहीं. त्यांत आमच्या कलेचें न्यून आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अर्ध्याअधिक जगाची स्थिति तीच होती. आजहि घरीं भिंतीवर चित्र टांगलें कीं, आलेगेलेले पहिला प्रश्न विचारतात तो, “हें कोणाचें चित्र ?” असाच. कोणाचेंच नाहीं, नुसता डोंगर आहे, असें सांगितलें म्हणजे विचारणाऱ्याचा चेहरा किंचित् उतरतो. मराठींत अशा चित्रांस पूर्वीं ‘देखावा’ म्हणत; हा शब्द आपण दिखाऊपणालाहि वापरतों, यावरून त्या चित्रांची आपल्या मनांतली पायरी समजते. ती पायरी ज्यांनीं वर चढविली त्यांची ही हकीकत आहे.

माणसामागचा डोंगर सर्वांच्या आधीं पुढें आणला तो चीन देशानें. तेथें निसर्गचित्राला जें नांव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘डोंगर-पाणी’ एवढाच. इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत झोंग बिंग नांवाचा एक गृहस्थ होऊन गेला. आयुष्यभर त्यानें पर्वत धुंडाळले. पुढें म्हातारपण आलें, प्रकृति ढासळली, चढणी चढवेनात. तेव्हां त्यानें पाहिलेले डोंगर आपल्या खोलीच्या भिंतींवर काढविले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांत भटकण्याचा क्रम ठेविला. डोंगरचित्रांविषयीं त्यानें लिहिलेला लहानसा निबंध या विषयावरील जगांतल्या अगदीं जुन्या लेखांपैकीं एक आहे. हातपाय थकलेल्या माणसाची ती यात्रा होती.

पुढें पांचशें-सहाशें वर्षांनीं, सोंग घराण्याच्या राजवटींत, ही कला ज्या उंचीवर गेली तेथें ती पुनः क्वचितच पोंचली असेल. फान क्वान हा त्या काळचा चित्रकार. त्याचें ‘डोंगर-झऱ्यांतले प्रवासी’ हें चित्र आज तैपेई येथील राजवाडा-संग्रहालयांत आहे. रेशमावर शाईनें काढलेलें हें चित्र दोन मीटरांहून थोडें अधिक उंच आहे, आणि त्या उंचीचा निम्म्याहून मोठा भाग एकाच प्रचंड कड्यानें व्यापिला आहे. कड्याच्या एका फटींतून पाण्याची पांढरी रेघ सरळ खालीं येते आणि धुक्यांत नाहींशी होते. खालीं, अगदीं तळाशीं, बारकाईनें पाहिलें तर खेचरांचा एक तांडा चाललेला दिसतो. मुंगी एवढाले प्राणी आणि त्यांस हांकणारीं माणसें. चित्राचें नांव या प्रवाशांवरून पडलें आहे खरें, पण ते प्रथमदर्शनीं कोणालाहि दिसत नाहींत ! येथें डोंगर माणसाच्या मागें उरलेला नाहीं. माणूस डोंगराच्या पायाशीं आला आहे. या चित्रकाराची सही कोठें आहे, हें शतकानुशतकें कोणास ठाऊक नव्हतें. १९५८ सालीं तांड्याच्या मागच्या झाडींत, पानांच्या गर्दींत, त्याच्या नांवाचीं दोन अक्षरें सांपडलीं. सुमारें साडेनऊशें वर्षें तो आपल्याच झाडांमागें लपून बसला होता.

ग्वो शी हा त्याच्यामागून झालेला राजदरबारचा चित्रकार. त्याच्या ‘वसंतारंभ’ या चित्रावर १०७२ हा सन पडतो. त्याचे कलाविषयक विचार त्याच्या मुलानें संकलित करून ठेविले आहेत आणि ते आमच्या वाचकांस आपल्याच घरांतील वाटावेत असे आहेत. तो विचारतो कीं, सज्जनाला डोंगर-पाणी कां आवडतें ? तर मूळ स्वभावच तसा आहे म्हणून. मग तो उठून रानांत कां जात नाहीं ? तर राजाची सेवा आणि आईबापांची शुश्रूषा सोडून जाणें त्याला शोभत नाहीं म्हणून. घर सोडवत नाहीं आणि डोंगर विसरवत नाहीं, अशा कुटुंबवत्सल माणसाकरितां निसर्गचित्र आहे. चार माणसांच्या खस्ता काढतांना ज्यांस माथेरानसुद्धां दुर्लभ झालें, त्यांस ही उपपत्ति निराळी पटवून देण्याचें कारण नाहीं. ग्वो शीच्या मतें कांहीं चित्रांतून नुसतें चालून जातां येतें, कांहीं दुरून पाहतां येतात, कांहींत हिंडतां येतें आणि कांहींत राहतां येतें; यांपैकीं शेवटचे दोन प्रकार श्रेष्ठ. दूरत्वहि त्यानें तीन प्रकारचें मानिलें आहे : पायथ्यावरून शिखराकडे पाहतांना दिसणारें उंच, पुढच्या डोंगरापलीकडे डोकावतांना दिसणारें खोल, आणि जवळच्या टेकडीवरून लांबच्या डोंगरांकडे पाहतांना दिसणारें सपाट. एकाच चित्रांत हीं तिन्ही येऊं शकतात. म्हणून चिनी चित्र पाहतांना पाहणारा एका जागीं खिळून राहत नाहीं. त्याचे डोळे चढतात, उतरतात, वळणें घेतात.

राजकृपेचें मात्र व्हावयाचें तेंच झालें. ग्वो शीच्या चित्रांनीं राजवाड्यांतलें एक दालनच्या दालन भरलें होतें. पुढें नवा सम्राट् आला आणि आवड पालटली. बाराव्या शतकांतील एका चिनी लेखकानें आपल्या पित्याची आठवण नमूद केली आहे, ती अशी कीं, राजवाड्यांतला एक कारागीर रेशमी कापडानें मेजें पुसत होता, आणि तें कापड म्हणजे ग्वो शीचें चित्र होतें !

युरोपांत डोंगराला पुढें येण्यास फार काळ लागला. रोमन लोकांनीं घराच्या भिंतींवर बागा रंगविल्या होत्या. सम्राट् ऑगस्टसची राणी लिव्हिया हिच्या बंगल्यांतील फळांनीं लगडलेलीं झाडें व त्यांवरचे पक्षी आज रोमच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. पण त्यानंतर कित्येक शतकें चित्रांतील आकाश सोन्याच्या वर्खाचें झालें, आणि सोन्याच्या आकाशाखालीं गवत कोठून उगवणार ? इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी नांवाच्या इटालियन चित्रकारानें आपल्या धंद्यावर जें पुस्तक लिहिलें, त्यांत डोंगर काढण्याची युक्ति सांगितली आहे. थोडे मोठे, खडबडीत धोंडे घरीं आणावे आणि ते पाहून डोंगर रंगवावा ! खिडकी उघडण्याचें त्याला सुचलें नाहीं. सिएनाच्या नगरगृहांत आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती यानें १३३८-३९ मध्यें सुराज्याचे परिणाम दाखविण्याकरितां शेतांचें आणि टेकड्यांचें एक विस्तीर्ण चित्र काढलें होतें. परंतु तो अपवाद होय.

मग पंधराव्या शतकांत एकेक खिडकी उघडूं लागली. कोनराड विट्झ यानें १४४४ सालीं येशूच्या शिष्यांनीं मासे धरल्याचा प्रसंग रंगविला. त्यांतलें सरोवर पॅलेस्टाइनचें असावयास हवें, पण त्यानें आपल्या डोळ्यांसमोरचें जिनीव्हाचें सरोवर आणि त्यामागचे बर्फाचे डोंगर जसेच्या तसे काढिले. २१ वर्षांच्या लिओनार्दोनें आर्नो नदीच्या खोऱ्याचें एक रेखाचित्र केलें आणि त्यावर तारीख घातली, ५ ऑगस्ट १४७३. एखाद्या दिवशीं एखाद्या ठिकाणीं आपण उभे होतों व हें पाहिलें, एवढेंच सांगण्याकरितां काढलेलें तें चित्र आहे. जर्मनीचा आल्ब्रेख्ट ड्यूरर १५२१ सालीं नेदर्लंड्समध्यें हिंडत असतां आपल्या रोजनिशींत पाटिनिर नांवाच्या चित्रकाराला चांगला ‘निसर्गचित्रकार’ म्हणतो. धंद्याला नांव मिळालें म्हणजे धंदा जन्मला असें समजावें. त्याच सुमारास आल्टडॉर्फरनें कांहीं लहानशीं चित्रें अशीं केलीं कीं त्यांत माणूस मुळींच नाहीं. आणि १५६५ मध्यें पीटर ब्रॉयगलनें ‘बर्फांतील शिकारी’ काढलें. हा मनुष्य तरुणपणीं आल्प्स पर्वत ओलांडून गेला होता. त्याचा चरित्रकार गमतीनें लिहितो कीं, तेथले डोंगर व खडक त्यानें गिळले आणि घरीं येऊन चित्रफलकावर ओकून टाकले. चित्रांत थकलेले शिकारी, मान खालीं घातलेलीं कुत्रीं, दूर गोठलेल्या तळ्यावर खेळणारीं माणसें आहेत खरीं. पण चित्राचा खरा विषय थंडी हाच आहे. उष्ण देशांतल्या आम्हां लोकांनाहि तें चित्र पाहतांना पंचा सोडून शाल घ्यावीशी वाटते.

सतराव्या शतकांतील हॉलंडविषयीं मात्र थोडें थांबून बोललें पाहिजे. त्या देशानें स्पेनच्या राजाशीं ८० वर्षें झगडून स्वातंत्र्य मिळविलें, तें १६४८ च्या तहानें मान्य झालें. नव्या धर्ममताप्रमाणें देवळांच्या भिंती पांढऱ्या व रिकाम्या झाल्या. चित्रकारांचें मोठें गिऱ्हाईक गेलें. त्याच्या जागीं व्यापारी, बेकरीवाले, कापडविके असें नवें गिऱ्हाईक आलें. त्यांना देवादिकांची भव्य चित्रें नको होतीं. आपल्या ओसरीला शोभेल असें, आपल्याच गांवाबाहेरचें, खिशाला परवडेल असें चित्र हवें होतें. आणि ती भूमि तरी कशी ? पवनचक्क्यांनीं पाणी उपसून समुद्राच्या पोटांतून काढलेली. बेम्स्टरचें सरोवर आटवून १६१२ मध्यें तेथें शेतें झालीं. अशी हातांनीं मिळविलेली जमीन भिंतीवर लावावीशी वाटणें स्वाभाविक आहे. डोंगर नाहींच, म्हणून क्षितिज खालीं गेलें आणि चित्राचा दोनतृतीयांश भाग आकाशानें घेतला. याकोब व्हान राइसडालच्या हार्लेमच्या चित्रांत खालीं कापड पांढरें करण्यासाठीं पसरलेल्या पट्ट्या आहेत आणि वर ढगांचा जणूं दुसरा देश आहे. इंग्रजींतला ‘लँडस्केप’ हा शब्दहि मूळचा या डच चित्रकारांचाच. चित्रांबरोबर तो समुद्रापार गेला.

परंतु ज्यांनीं हें केलें त्यांचें काय झालें ? व्हान गोयेन मोजक्याच तपकिरी-करड्या रंगांत झपाट्यानें चित्रें करी. १६३७ च्या ट्यूलिप फुलांच्या सट्ट्यांत तो बुडाला आणि १६५६ मध्यें कर्ज मागें ठेवून वारला. हॉबेमानें १६६८ सालीं लग्न केलें, आणि त्याच वर्षीं आम्स्टरडॅमच्या जकात खात्यांत परदेशी दारूचीं पिपें मोजण्याची नोकरी धरली. तेव्हांपासून त्याचें चित्र काढणें विरळ झालें. संसार आणि नोकरी यांनीं एक चित्रकार गिळला, असें इतिहासकार मोठ्या हळहळीनें लिहितात. पण १६८९ सालीं, म्हणजे नोकरीस लागून एकवीस वर्षें झाल्यावर, याच पिपें मोजणाऱ्या मनुष्यानें ‘मिडलहार्निसचा रस्ता’ हें चित्र काढलें. सरळ जाणारी एक कच्ची सडक, दोहों बाजूंस किडकिडीत उंच झाडांच्या रांगा, एक माणूस कुत्र्यासह आपल्याकडे चालत येत आहे, उजव्या बाजूस एक माळी रोपें छाटीत आहे. एवढेंच ! आम्हांस विचाराल तर राजेरजवाड्यांच्या दहा युद्धचित्रांवरून हा एक रस्ता ओंवाळून टाकावा. हॉबेमा १७०९ मध्यें दारिद्र्यांत वारला.

त्याच शतकांत रोममध्यें राहणारा क्लोद लोरें सोनेरी उन्हांत न्हालेले, पडक्या देवळांनीं नटलेले देखावे रंगवीत होता. त्यांना राजेलोकांचा आश्रय होता, आणि नकला होऊं नयेत म्हणून आपल्या चित्रांच्या रेखाकृतींची एक वहीच तो बाळगी. ती वही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. त्याचा प्रकाश मोहक आहे यांत शंका नाहीं. पण पुराणांतलीं चारदोन पात्रें पुढें उभीं केल्यावांचून त्यालाहि गत्यंतर नव्हतें. फ्रेंच अॅकॅडमीनें तर चित्रांची जातवारीच लावून दिली. इतिहास-पुराणांचीं चित्रें सर्वांत वर, मग व्यक्तिचित्रें, मग निसर्गचित्रें, आणि अखेरीस फळें-भांडीं. १८१७ पासून निसर्गचित्रासहि सरकारी बक्षीस मिळूं लागलें, पण त्यांत एखादी पौराणिक कथा घातली पाहिजे या अटीवर ! विदूषकाच्या दाढीवाल्या तापसांची येथें कोणासहि आठवण होईल.

ही जातवारी ज्याच्या हातून मोडली त्या जॉन कॉन्स्टेबलचा जन्म १७७६ सालीं इंग्लंडांतील सफक परगण्यांत झाला. बाप धान्य दळण्याच्या गिरण्यांचा मालक. पाणचक्की आणि पवनचक्की चालविणाऱ्या घरांत आभाळाकडे पाहणें हा धंद्याचाच भाग असतो. कोणत्या ढगानें वारा येईल व कोणत्यानें पाऊस, हें त्या मुलाला चित्रकलेच्या आधीं समजलें. मराया बिक्नेल या मुलीवर त्याचें प्रेम बसलें. पण तिचे आजोबा गांवचे धर्मोपदेशक होते, आणि गिरणीवाल्याच्या चित्रें काढणाऱ्या मुलाला नात देण्यास त्यांचा कडवा विरोध होता. दोघांनीं सात वर्षें वाट पाहिली. १८१६ मध्यें बाप वारल्यावर थोडा वांटा हातीं आला, तेव्हां कुठें लग्न झालें. आजोबांची भीति अगदींच निराधार होती असेंहि म्हणवत नाहीं. चाळिशी उलटली तरी या गृहस्थाचीं निसर्गचित्रें फारशीं खपत नव्हतीं. व्यक्तिचित्रें काढून तो प्रपंच चालवीत होता.

१८२१ सालीं त्यानें लंडनच्या प्रदर्शनांत सहा फूट लांबीचें एक चित्र ठेविलें. ‘निसर्गचित्र : दुपार’ एवढेंच त्याचें नांव, आज तें ‘हे वेन’ म्हणजे गवताची गाडी या नांवानें प्रसिद्ध आहे. उथळ नदींत एक रिकामी गाडी उभी आहे, डावीकडे एका शेतकऱ्याचें घर आहे, कांठावर एक कुत्रें गाडीकडे पाहत आहे, आणि दूर शेतांत गवत कापणारे ठिपक्यांएवढे दिसतात. इतक्या मोठ्या फलकावर त्या काळीं सेनापति मरत, राण्यांना राज्याभिषेक होत. तेथें या मनुष्यानें गवताची गाडी आणून उभी केली! लंडनांत चित्र विकलें गेलें नाहीं. पुढें एका फ्रेंच व्यापाऱ्यानें तें खरेदी केलें आणि १८२४ मध्यें पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें. तेथें मात्र खळबळ उडाली. पानांवरचा ओला पांढरा चमकारा, एकाच हिरव्यांतले अनेक हिरवे, हलणारें आभाळ हें पाहून तरुण फ्रेंच चित्रकार थक्क झाले. देलाक्र्वानें आपलें प्रदर्शनांतलें मोठें चित्र त्यानंतर पुनः हात फिरवून उजळलें असें सांगतात. राजा दहावा चार्ल्स यानें कॉन्स्टेबलला सुवर्णपदक दिलें. पण तें घेण्यास हा पॅरिसला गेला नाहीं. आयुष्यांत त्यानें इंग्लंडबाहेर पाऊल टाकलें नाहीं.

१८२१-२२ या दोन वर्षांत हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून त्यानें नुसत्या ढगांचीं कितीतरी लहान चित्रें केलीं. त्यांच्या पाठीमागें तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपलेली आहे. डोंगर गेला, झाड गेलें, नदी गेली. राहिलें तें आकाश. माणसाच्या मागें उभें राहणाऱ्या निसर्गानें घेतलेला हा शेवटचा पल्ला म्हणावा. १८२८ मध्यें मराया क्षयानें वारली. सात मुलें मागें राहिलीं. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, रॉयल अॅकॅडमीनें त्याला पूर्ण सभासदत्व दिलें, तेंहि एका मताच्या आधिक्यानें.

येथें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या शेतांत कॉन्स्टेबलला एवढी शांति दिसली, त्याच भागांत धान्याचे भाव कोसळल्यामुळें मजुरांची उपासमार चालली होती, आणि १८२२ सालीं तेथें दंगे झाले. यंत्रें मोडलीं गेलीं, आगी लागल्या. चित्रांत त्याचा मागमूस नाहीं. मालकाच्या मुलाला शेत जसें दिसतें तसें मजुराच्या मुलाला दिसत नाहीं. चित्र त्यामुळें खोटें ठरत नाहीं. पण तें कोणत्या बांधावर उभें राहून पाहिलें आहे, हें पाहणाऱ्यानें मनांत धरावें.

त्याचा समकालीन टर्नर हा न्हाव्याचा मुलगा. १८४४ मध्यें त्यानें पाऊस, वाफ आणि आगगाडीचा वेग हींच रंगविलीं. गाडीपुढें जीव घेऊन पळणारा एक ससा आहे, तो शोधावा लागतो. यानंतरची कथा वेगानें पुढें जाते. १८४१ पर्यंत तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवीत. त्या वर्षीं रँड नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें कथलाच्या नळीचें पेटंट घेतलें, आणि रंग खिशांत घालून शेतांत जाणें सोपें झालें. आगगाडीनें शेतें शहरांजवळ आणलीं. जपानांतून होकुसाईचे फुजी पर्वताचे आणि हिरोशिगेचे हमरस्त्यावरील मुक्कामांचे छाप पॅरिसला येऊन पोंचले. १८७४ सालीं मोनेनें ल हाव्र बंदरांतील सूर्योदयाचें आपलें चित्र प्रदर्शनांत ठेविलें. एका टीकाकारानें त्याच्या नांवाची थट्टा केली, आणि त्या थट्टेंतून एका संप्रदायालाच नांव मिळालें. याच मोनेनें १८९०-९१ मध्यें घराजवळच्या शेतांतील गंज्या सकाळीं, दुपारीं, बर्फांत, धुक्यांत पुनःपुनः रंगविल्या. गंजी तीच, पाहण्याची वेळ निराळी.

आमच्या देशांत निव्वळ देखाव्याचें चित्र परदेशी पाहुण्यांबरोबर आलें. टॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे १७८६ मध्यें कलकत्त्यास उतरले. हिमालयाच्या पायथ्यापासून कन्याकुमारीच्या बाजूपर्यंत ते हिंडले आणि परतण्यापूर्वीं मुंबईजवळचीं लेणींहि त्यांनीं रेखाटलीं. १७९५ ते १८०८ पर्यंत त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या १४४ छापचित्रांनीं हिंदुस्थानची एक विशिष्ट प्रतिमा विलायतेंत ठसविली : वड, पडकें देऊळ, घाट आणि संध्याकाळ. पुढें १८५७ मध्यें मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून कलाशाळा निघाली, आणि १८८८ मध्यें बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. जलरंगांची पेटी घेऊन घाटांत जाणारा मराठी तरुण या दोन संस्थांमुळें दिसूं लागला. सावंतवाडीकडचे सां. ल. हळदणकर यांनीं १९०८ मध्यें मुंबईंत आपला चित्रकलेचा वर्ग काढिला. त्यांच्या जलरंगांतील ओलावा अजून वाळलेला नाहीं. घरोघर मात्र राज्य होतें तें रविवर्म्याच्या छापील तसबिरींचें. त्यांत लक्ष्मीच्या मागें सरोवर असे, शकुंतलेमागें रान असे, आणि नाक-डोळ्यांवरून हटलेली दृष्टि तेथवर सहसा जात नसे.

आबालाल रहिमान हे त्या मुंबईच्या कलाशाळेंत शिकले आणि शिक्षण संपवून कोल्हापुरास परतले. शाहू छत्रपतींनीं त्यांस आश्रय दिला. दरबारी चित्रकारानें दरबार रंगवावा. आबालालांचें मन गुंतलें तें कोटितीर्थाच्या तळ्यांत, रंकाळ्यांत आणि पंचगंगेच्या कांठीं. तळ्याच्या पाण्यावर उतरलेलें झाडांचें सावट, उन्हें कलतांना कांठावर पडलेला तांबूस उजेड, असे विषय त्यांनीं वारंवार घेतले. या चित्रांत कोण आहे, हा प्रश्न कोल्हापुरांतहि लोकांनीं विचारला असेलच. १९२२ मध्यें महाराज गेले. १९३१ मध्यें आबालालहि गेले, आणि गेले ते विपन्नावस्थेंत. व्हान गोयेन, हॉबेमा आणि आबालाल यांना एका पंक्तींत बसवितांना आम्हांस संकोच वाटत नाहीं. घरांतला एखादा मुलगा डोंगर रंगवूं लागला म्हणजे वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. ती आठी इतिहासाला धरून आहे, एवढें कबूल केलें पाहिजे.

कोल्हापुरांत मात्र आबालालांची ओढ विझली नाहीं. तेथल्या चित्रकारांनीं त्यांस गुरुस्थानीं मानिलें. बाबूराव पेंटर यांच्या छायेंत वाढलेले चंद्रकांत मांढरे पडद्यावर राजे आणि वीर रंगवीत, आणि चित्रीकरणांतून सवड सांपडली कीं रंगाचे खडू घेऊन झाडाखालीं बसत. त्यांच्या नांवाचें संग्रहालय कोल्हापुरांत आहे. त्याच्या भिंतींवर झाडें आहेत, पायवाटा आहेत, आणि डोंगर आहेत.